कट्ट्यावरची पाटी

"स्टेपनी बाहेर. जॅक बाहेर. ही छत्री कशाला आणलीत? बाहेर." डिकीत डोकं घालून तपासनीस एकेक वस्तू काढायला सांगत होता. "आणि हे टॉवेलात काय गुंडाळलंय?"

"पाटी आहे."

"पाटी, पेन्सिल, दप्तर, असेल ते बाहेर. ट्रॅकवर सुटी वस्तू चालायची नाही. नियम आहे."

नियम दातवाल्यांना पाठ होता. जुन्या गाड्यांच्या या शर्यतीला ते एकोणीस वर्षं येत होते. त्यांनी ताडपत्री पसरली, तिच्यावर सगळं ओळीनं मांडलं आणि टॉवेलातली पाटी न सोडता सगळ्यात शेवटी ठेवली.

त्यांना दातवाले म्हणायचे, कारण आठवड्याचे सहा दिवस ते कवळ्या बनवत. दंतवैद्य ठसे पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. कवळी घालणारा माणूस त्यांना कधी दिसत नसे. दिसायचा तो त्याचा जबडा. गाडी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान होती. हिरवी, दोन दारांची, दुसऱ्या गिअरला हट्टी. तिचं इंजिन त्यांनी तीनदा उघडलं होतं, आणि तीनही वेळा एकही स्क्रू उरला नव्हता. याचा त्यांना जरा अभिमान होता.

पाटी बायकोची. इथं जिंकायला येणारे थोडे. बाकीचे बेकरीवाले, वकील, निवृत्त शिक्षक, स्वतःच्याच मागच्या वर्षीच्या वेळेशी झगडायला येणारे. गाडी चालवताना घड्याळ बघता येत नाही. म्हणून ट्रॅकलगतच्या बुटक्या कट्ट्यावर प्रत्येकाचं एक माणूस उभं राहतं आणि मागच्या फेरीची वेळ पाटीवर लावून दाखवतं. मिनिटं ठाऊकच असतात. पाटीवर दोनच आकडे, सेकंदाचा आणि दशांशाचा. एकोणीस वर्षं ती पाटी तिनं धरली. "अहो, दोन दशांशांसाठी मला उन्हात वाळत घालता," असं दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी टोपी आधी तीच भरायची.

हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर मुलीचा फोन दर रविवारी येऊ लागला.

"बाबा, एकट्यानं कशाला आता? संग्रहालयवाले मागताहेत ना गाडी? काचेमागे छान राहील."

"चालत नसलेली गाडी छानच राहते."

"टोमणे नकोत. तुम्हाला काही झालं तर मी इथून कशी येणार?"

मग ते म्हणाले, "या वेळी शर्यतीत बसली नाही, तर देऊन टाकतो. शब्द दिला."

शर्यतीत बसायचं म्हणजे एक फेरी दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आत. त्याहून हळू गाड्यांना दुपारच्या सुट्टीत मिरवणुकीसारखी एक संथ फेरी मारू देत. चालक खिडकीतून हात हलवत. दातवाल्यांना त्या हात हलवण्याची धास्ती होती.

शनिवारच्या सरावात त्यांची सर्वांत चांगली वेळ आली दोन मिनिटं, पाच पूर्णांक दोन दशांश.

"गेल्या वर्षी शेवटच्या फेरीला चार-सहा होती तुमची," वेळवाले मास्तर कागद पुढे करत म्हणाले. मास्तर शाळेत गणित शिकवत. निवृत्त झाल्यापासून इथं वेळ मोजत. "सहा दशांश गेले कुठं?"

"इंजिन थकलंय."

"इंजिन थकलं तर सगळीकडे थकेल. हे बघा. ट्रॅकचे तीन भाग. दुसऱ्यात तुम्ही गेल्या वर्षीइतकेच. तिसऱ्यातही तेवढेच. सगळे सहा दशांश पहिल्या भागात, सरळ रस्त्यावर. तिथं वळण नाही, चढ नाही. काय करता काय तिथं? डुलकी काढता?"

दातवाले हसले, पण आकडे त्यांना टोचले. दुपारभर त्यांनी प्लग तपासले, कार्ब्युरेटर उघडला, कवळ्यांच्या बारीक ब्रशानं त्यातली भोकं साफ केली. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. सगळं ठणठणीत. शेजारच्या गाळ्यात बेकरीवाल्यांच्या पत्नी सँडविच बांधत होत्या. त्यांना सगळेच वहिनी म्हणत.

"भावजी, दोन खाऊन घ्या. नुसत्या पेट्रोलच्या वासावर माणूस चालत नाही."

"आत्ता नको, वहिनी. हात काळे आहेत."

"मग मी काय भरवू?" म्हणत त्यांनी पुडी ताडपत्रीवर ठेवली. त्यांची नजर टॉवेलावर गेली. त्याची सुटलेली घडी नीट करून त्या परत गेल्या.

संध्याकाळी सरावाची शेवटची पाच फेऱ्यांची वेळ होती. ती झाल्यावर मास्तर स्वतः चालत आले.

"आकडा तोच. पण मी या वेळी घड्याळ सोडून कान दिला. तुमची गाडी कट्ट्यापाशी आली की तिचा आवाज पडतो. दर फेरीला, त्याच जागी. बाकी कुणाचा पडत नाही. तुम्ही पाय उचलता."

"मी? सरळ रस्त्यावर?"

"मला काय विचारता? पाय तुमचा."

मास्तर गेले. दातवाले कट्ट्याजवळ जाऊन उभे राहिले. तिसरा खांब आणि पाण्याचा नळ यांच्यामधली ती जागा. तिथं कट्ट्याचा रंग तिच्या कोपरांनी घासून गेला होता. त्यांनी डोळे मिटून फेरी मनात चालवली. शेवटचं वळण, तिसरा गिअर, चौथा, पाय तळाला. मग नजर आपोआप डावीकडे. पूर्वी पाटी तिथं असायची. एका झटक्यात आकडा दिसायचा आणि नजर परत रस्त्यावर. आता तिथं काही नसतं. नजर शोधत राहते, आणि पाय नजरेची वाट बघतो.

सहा दशांश. त्यांना एकदम हसू आलं. बिघाड सापडला होता. पण हा साफ करायला ब्रश नव्हता.

निघताना मास्तरांनी लांबूनच सांगितलं, "पहिल्या वळणापलीकडे पांढरी टाकी आहे ना पाण्याची? तिच्याकडे बघा. कट्टा आहे हेच विसरा."

"विसरतो," दातवाले म्हणाले.

लॉजच्या खोलीत दोन पलंग होते. खोली नेहमीचीच, म्हणून मालकानं न विचारता तीच दिली होती. एका पलंगावर त्यांनी हेल्मेट ठेवलं.

रविवारी सकाळी दहा मिनिटांची शेवटची संधी होती. पहिल्या फेरीला मान डावीकडे वळलीच. दुसऱ्या फेरीला त्यांनी जबडा असा आवळला की त्यांच्या हातची कवळी असती तर तडकली असती. टाकी. टाकीवरची शिडी. शिडीच्या पायऱ्या. डावीकडून कट्टा सरकून गेल्याचं त्यांना फक्त आवाजावरून कळलं. गाडीनं कुरकुर केली नाही. तिला हे आधीपासूनच हवं असल्यासारखी ती पळाली.

दोन मिनिटं, चार पूर्णांक सात.

मास्तरांनी कागदावर खूण केली. "बसलात. शेवटच्या रांगेत."

"रांग चालेल."

शर्यत दहा फेऱ्यांची होती. दहाही फेऱ्यांना दातवाले टाकीकडे बघत राहिले. शिडीला अकरा पायऱ्या आहेत हे सहाव्या फेरीला पक्कं झालं. सातव्या फेरीला एक लाल गाडी वाफ सोडत बाजूला उभी राहिली, नवव्याला आणखी एक. दातवाले बारावे आले. झेंडा पडला तेव्हा टाळ्या कुणासाठी होत्या कोण जाणे, पण त्या ऐकू आल्या.

इंजिन बंद केल्यावर कानात शांतता भरली. त्यांनी मुलीला फोन लावला.

"कितवे आलात?"

"बारावा."

"कितीजणांत?"

"चौदा निघाले होते."

"आणि पोहोचले?"

"ते तू नको विचारूस."

ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे गाडी राहिली."

"राहिली."

फोन ठेवतात तोच वहिनी तणतणत आल्या. तोंड उन्हानं लाल झालेलं, एक हात दुसऱ्या हातानं चोळत.

"काय माणूस आहात हो भावजी! पहिली फेरी सोडली तर दर फेरीला पाटी धरून उभी होते मी. तिथंच, नळापाशी. मास्तर आकडे ओरडायचे, मी लावायचे. हे म्हणत होते, माझी कोण धरणार? त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. आणि तुम्ही? एकदा तरी मान वळवायची!"

वहिनींच्या काखेत पाटी आणि आकड्यांचा डबा होता. टॉवेल खांद्यावर.

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. "न विचारता घेतली. रागावलात का?"

"नाही. छे." दातवाल्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "त्यात आधीचे आकडे होते."

"होते ना. चार आणि सहा. सहा काढून टाकला डब्यात." त्यांनी डबा हलवून दाखवला. आत पत्र्याचे तुकडे खुळखुळले. डब्यात सहाचे तीन आकडे होते, तिन्ही सारखे. "चार मात्र निघतच नव्हता, घट्ट बसलेला. म्हटलं राहू दे. आणि खरंच लागलाच नाही काढायला. तुमची प्रत्येक फेरी चारच्या आतबाहेर गेलीच नाही. मी आपली शेवटचाच बदलत होते."

दातवाल्यांनी पाटी घेतली. चार, तीन. चारच्या आकड्याखाली खाचेत गुलाबी मेणाचा एक गोळा दाबलेला होता. आकडा सैल होऊन हलायचा, म्हणून बायकोनं कधीतरी त्यांच्या कामाच्या खोलीतलं मेण पळवलं असणार. मेणावर अंगठ्याचा ठसा होता. रेघा स्पष्ट, डाव्या बाजूला थोडा जास्त दाब. आयुष्यभर त्यांनी लोकांचे ठसे हाताळले होते; इतका स्वच्छ ठसा क्वचितच आला असेल.

"चुकलं का माझं काही?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी. अगदी बरोबर आहे." मग ते म्हणाले, "हात दुखत असेल. कालचं सँडविच आहे का अजून?"

"कालचं कशाला? आजचं देते," म्हणत वहिनी गेल्या.

दुपारचं ऊन चढत होतं. दातवाल्यांनी स्टेपनी, जॅक, छत्री डिकीत टाकली. पाटी डिकीत ठेवली नाही; तिथला पत्रा तापतो, आणि मेण किती उष्णतेला मऊ पडतं हे त्यांना अंशासकट माहीत होतं. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली, शेजारच्या सीटवर उभी ठेवली, तिला पट्टा लावला. मग उन्हाची बाजू बघून छत्री परत बाहेर काढली, उघडली आणि खिडकीच्या काचेला टेकवली.

घरापर्यंत सव्वादोन तासांचा रस्ता होता. त्या दिवशी त्यांना तीन तास लागले.