बिनआवाजाचा सेकंद

मिस्त्रींच्या घरात बर्फाचा ट्रे टिकत नसे. बायकोनं हौसेनं नवा आणावा, चार दिवस तो फ्रीजमध्ये नांदावा, आणि मग एका सकाळी तो पुढच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावर दिसावा, खणाखणात कुणाच्या तरी कॅमेऱ्याचे स्क्रू घेऊन. "यांच्यापायी या घरात कुणी थंड पाणी प्यायलं नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मिस्त्री मान खाली घालून काम करत राहत.

पण ट्रेशिवाय त्यांचं पानही हलत नसे. पहिला निघालेला स्क्रू डावीकडच्या पहिल्या खणात, त्यानंतरचा त्याच्या शेजारी, असं करत शेवटचा उजव्या टोकाला. जोडताना उजवीकडून परत यायचं. जुन्या कॅमेऱ्यात दोन स्क्रू दिसायला जुळे भाऊ असतात, पण एक केसभर लांब असतो, आणि तो भलत्या जागी बसला की आतल्या चाकाला टेकतो. असली कामं करून हात पोळलेले कितीतरी लोक मिस्त्रींनी पाहिले होते. खरं सांगायचं तर त्यांचेच कॅमेरे दुरुस्त करून मिस्त्रींचं घर चाललं होतं.

त्या सकाळी ट्रेसमोर ताईचा कॅमेरा होता. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नाकावर माशी बसू न देणारी. हा कॅमेरा तिनं पहिल्या नोकरीत घेतला, आणि घरात आल्या आल्या धाकट्या भावानं आत काय आहे ते बघायला स्वयंपाकघरातल्या सुरीनं उघडला. उघडला खरा, पण पुन्हा बंद होईना. शेवटी ताईनं सगळे भाग रुमालात बांधले आणि भावाला कानाला धरून कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या दुकानात नेलं. उस्तादांनी रुमाल सोडून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कॅमेरा घेऊन जा आठवड्यानं. याला इथेच ठेवा." तो जो ठेवला, तो उस्ताद जाईपर्यंत तिथून हलला नाही.

आता ताईच्या त्या कॅमेऱ्याचा एक सेकंद बिघडला होता. ताई घरातल्या कुंड्यांचे फोटो काढायची, तेही खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात. फ्लॅशचा तिला मनापासून तिटकारा. अशा कमी उजेडात शटर पूर्ण एक सेकंद उघडं राहावं लागतं. तिचं शटर उघडायचं आणि मिटायचं विसरून जायचं.

साधं काम होतं. पण मिस्त्रींनी ते जिवाला लावून घेतलं होतं. गेल्या काही महिन्यांत त्यांनी दुरुस्त करून दिलेले कॅमेरे परत यायला लागले होते. "मिस्त्री, याचा सेकंद सुरू झाला की आम्ही चहा पिऊन येतो," असं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, आणि मिस्त्रीही हसले, पण ते त्यांना लागलं. डोळे तर ठीक होते, चष्मा नवा होता. म्हणजे हातच गेले, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि आदल्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं, "ताईचा कॅमेरा जमला तर ठीक. नाहीतर हे टेबल आवरायचं. दुकान बंद."

बायकोचा घास हातातच राहिला. "मग दिवसभर करणार काय?"

"बसेन."

"कुठे?"

"इथेच. तुझ्याजवळ."

या उत्तरानं तिची काळजी दुप्पट झाली. पण चेष्टा बाजूला ठेवली, तरी तिला खरंच भीती वाटली. टेबलाशिवाय हा माणूस कसा दिसेल, हे तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

मिस्त्रींनी भिंग डोळ्याला लावलं आणि सुरुवात केली. लेन्सभोवतीची पुढची कडी फिरवून काढली. तिच्याखालचे स्क्रू ट्रेमध्ये गेले. वेग बदलायची चकती अलगद उचलली. तिच्याखाली शटरचं खरं पोट उघडं झालं. केसासारख्या स्प्रिंगा, मिटलेल्या काळ्या पात्या, आणि कोपऱ्यात नखाएवढा एक पितळी ठोकळा, त्यात दातेरी चाकं. हा ठोकळाच सेकंद मोजतो. स्प्रिंगला पात्या लगेच मिटवायची घाई असते आणि ही चाकं तिला धरून ठेवतात, फिरत फिरत, कुरकुरत, आपली फेरी संपेपर्यंत. ती संपली की पात्या मिटतात.

चाकांवर जुन्या तेलाचा डिंक झाला होता. मिस्त्रींनी ठोकळा चिमट्यानं उचलून वाटीभर पेट्रोलमध्ये बुडवला, मऊ ब्रशनं दाता दाता धुतला, वाळवला, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल चाकांच्या आसांना दिलं. हात जराही थरथरला नाही. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना बरं वाटलं. ठोकळा जागेवर बसवला, शटर ओढून त्याची स्प्रिंग ताणली, वेग एक सेकंदावर ठेवला आणि खटका दाबला.

पात्या उघडल्या. थोड्या वेळानं मिटल्या. पण आवाज आला नाही.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. उघडलं, मिटलं, आणखी काय हवं? पण मिस्त्री उस्तादांच्या हाताखाली तयार झाले होते. उस्ताद त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि मागे शटर वाजवायचे. हा कुठला वेग? हा? आणि हा? डोळ्यांनी बघायला सक्त मनाई. कारण पात्या नुसत्या चिकटून उशिरा मिटल्या तरी बघणाऱ्याला सेकंदच वाटतो. चाकं फिरली तर त्यांची कुरकुर ऐकू येणारच. ती आली नाही, तर उस्ताद म्हणायचे, हा सेकंद खोटा आहे, उद्या ऊन वाढलं की बदलेल.

मिस्त्रींनी सगळं पुन्हा उघडलं. पुन्हा धुतलं. पुन्हा जोडलं. आवाज नाही. मग चाकांचे दाते भिंगाखाली एकेक तपासले आणि तिसऱ्यांदा जोडलं. काही नाही. बायकोनं चहा आणून ठेवला तो निवून गेला. ती दारात उभी राहून काहीतरी म्हणाली, पण हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

दुपारी त्यांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर, कापडात गुंडाळलेला, उस्तादांचा स्वतःचा कॅमेरा होता. ताईच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ, त्याच बनावटीचा. उस्तादांनी शेवटी तो त्यांच्या हातात दिला होता, आणि मिस्त्रींनी तो आजवर कुणाला विकला नव्हता की उसना दिला नव्हता. वर्षातून एकदा पुसायचे, तेल द्यायचे, परत गुंडाळायचे. त्याच्यातला ठोकळा काढला तर ताईचा कॅमेरा चालेल. आणि उस्तादांचा कायमचा बंद पडेल, कारण असला ठोकळा आता कुठे मिळत नव्हता.

मिस्त्री कॅमेरा हातात घेऊन बसून राहिले. मग उसनं अवसान आणून पेचकस उचलला. उघडण्याआधी वाजवून बघायचं, ही सवय. शटर ओढलं, एक सेकंदावर ठेवलं, खटका दाबला.

पात्या उघडल्या. मिटल्या. आवाज नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. कानाजवळ नेऊन दाबलं. हा कॅमेरा तर कधी बिघडलाच नव्हता. जो त्यांनी स्वतः जपला, तो बसल्या जागी मुका कसा होईल? आणि दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी? पेचकस त्यांच्या हातातच राहिला. मग गेल्या कित्येक महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून समोर येऊन बसल्या. दाराची बेल, जी वाजवूनही दार उघडलं नाही म्हणून शेजारी रागावले. टीव्ही, ज्याचा आवाज बायको सारखा कमी करायची. परत आलेले ते कॅमेरे, ज्यांचा सेकंद त्यांनी अर्धा ऐकला होता आणि अर्धा मनानंच भरून काढला होता.

त्यांना फार एकटं वाटलं. हात गेले असते तर चाललं असतं, असं त्यांच्या मनात आलं. हात गेलेले लोकांना दिसतात तरी.

"अगं, जरा येतेस?" त्यांनी हाक मारली.

बायको पदराला हात पुसत आली. मिस्त्रींनी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि मग भिंतीकडे बोट केलं. "तिकडे तोंड कर. बघायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"या वयात शिक्षा करताय का मला?" ती म्हणाली, पण वळली. मिस्त्रींनी उस्तादांचा कॅमेरा दाबला. मग ताईचा. मग तिच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं.

"काय ऐकू आलं?"

"काय म्हणजे? आयुष्यभर जे ऐकतेय तेच. त्या चाकांचा रातकिडा." आता ती त्यांच्या तोंडासमोर, सावकाश बोलत होती. "पहिला छान एकसारखा होता. दुसऱ्याला शेवटी शेवटी दम लागतो. सकाळपासून तेच सांगतेय मी दारात येऊन येऊन. वाजतोय की, आता किती उघडताय, म्हणून."

मिस्त्रींनी दोन्ही कॅमेरे खाली ठेवले. "मला तो ऐकू येत नाही," ते म्हणाले. "अजिबात."

तिच्याजवळ बोलायला भरपूर होतं. दोन वर्षं ती कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती आणि दोन वर्षं यांच्या मते जग पुटपुटत होतं. पण ती स्टूल ओढून बाजूला बसली. मग म्हणाली, "दम लागतो म्हणजे काय असेल?"

मिस्त्रींनी मान वर केली. "शेवटच्या चाकाचा आस. तिथे तेल जास्त झालं असणार."

"मग पुसा ना."

त्यांनी पुन्हा कडी काढली. ट्रेचे खण भरले. शेवटचं चाक धुऊन, वाळवून, या वेळी अगदी कोरडंच बसवलं आणि ठोकळा केसभर आत सरकवून स्क्रू आवळले. बायको सांगायच्या आधीच भिंतीकडे वळली होती. मिस्त्रींनी एक दाबला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"आता नाही कळत," ती भिंतीलाच म्हणाली. मग लक्षात येऊन वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आता दोघांतला कुठला वाजतोय, कळत नाही."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. उस्तादांचा कॅमेरा त्यांनी पुसला, कापडात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ताई आली. पर्स ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "वाजतोय का पहिल्यासारखा?" इतकं मोठ्यानं, की समोरच्या बाल्कनीतला माणूस वळून बघायला लागला.

हो म्हणून टाकता आलं असतं. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "हिला विचार. मला आता ऐकू येत नाही."

"ते माहितीय मला," ताई म्हणाली. "फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. माझ्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना कळतं, तुला सोडून." मग तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पटकन काढला नाही. "वहिनी, वाजतोय ना?"

"छान वाजतोय, वन्सं."

"मग बसा दोघं तिथे. बघूच."

तिनं खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या वह्यांची चळत रचून त्यावर कॅमेरा ठेवला. खोलीत उजेड बेताचाच होता. "एक सेकंद आहे. हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत."

"संपला ते मला कसं कळणार?" मिस्त्री म्हणाले.

बायकोनं टेबलाखाली त्यांचा हात धरला. "सुरू झाला की दाबेन. संपला की सोडेन."

ताई वाकली. मिस्त्री समोर बघत राहिले. हात दाबला गेला, आणि उस्तादांनी भिंतीकडे उभं करून अंगात मुरवलेला सेकंद त्यांच्या आत आपोआप चालू लागला. तो जिथे संपला, तिथेच बायकोची बोटं सुटली. ना आधी, ना नंतर.

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले.

"अरे, फोटो तर धुऊन येऊ दे," ताई म्हणाली.

टेबलाच्या कडेला परत आलेले कॅमेरे ठेवले होते. त्यातला पहिला मिस्त्रींनी पुढे ओढला, शटर ओढलं आणि बायकोकडे पाहिलं. ती स्टूलवर भिंतीकडे तोंड करून बसली.