नावांमागचे शब्द

चंदनबाईंची सासू गेली तेव्हा तिच्या ओठांवर सतरावं नाव अडकलेलं होतं. चोवीस तीर्थंकरांची नावं ती आयुष्यभर रोज सकाळी घ्यायची. पण त्या शेवटच्या दुपारी सोळा झाली, शांतिनाथ झाले, आणि पुढचं काही केल्या येईना. खाटेभोवती उभ्या असलेल्या एकेकाकडं ती बघत राहिली. घरच्यांना वाटलं, पाणी मागतेय. ती काय मागतेय हे चंदनबाईंना कळलं होतं, पण त्या तेव्हा अठरा वर्षांच्या नव्या सून होत्या, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. सासू तशीच, बघत बघत गेली.

या गोष्टीला साठ वर्षं झाली. तेव्हापासून चंदनबाईंनी देवाकडं दुसरं काही मागितलं नाही. आपल्या वेळेला चोवीसच्या चोवीस नावं ओळीनं यावीत, कुणी सांगायची गरज पडू नये, आणि त्यांत दुसरं काही मिसळलेलं नसावं, एवढंच.

मंठ्याच्या जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या धर्मस्थानात, दर रविवारी पोरांची पाठशाळा भरते. ती चंदनबाईंनी चाळीस वर्षं चालवली. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. पोर अडखळलं की मागच्या नावापासून पुन्हा सुरू करायचं, दहा वेळा अडखळलं तर दहा वेळा. एक नियम मात्र कडक होता. घरी जाण्याआधी प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचाच. प्रश्न न विचारता जो उठतो त्याला काही कळलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा नातू अक्षत याच पाठशाळेत शिकला आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यानंच विचारले.

हा अक्षत पुण्यात तीन वर्षं काढून गेल्या वर्षी घरी आला. वडिलांच्या, म्हणजे नथमलच्या, बी-बियाण्यांच्या दुकानात तो बसेना. दुपारी जेवणं झाली, नथमल दुकानी गेला, की तो आजीच्या खोलीत येऊन बसायचा आणि तिला बिटकॉइन समजावून सांगायचा. त्याला हे चांगलं जमायचं. आजीकडूनच तर आलं होतं.

त्यानं स्थानकापासूनच सुरुवात केली. पर्युषणात दान जाहीर होतं तेव्हा दोनशे माणसं ऐकतात. उद्या पापा म्हणाले की मी अकरा हजार न्हाई, पाच हजार बोललो होतो, तर चालेल का? चंदनबाई म्हणाल्या, कसं चालेल, सगळ्यांनी ऐकलंय. अक्षत म्हणाला, बस, हेच. कुणाचं कुणाकडं गेलं ते जगभरचे हजारो कॉम्प्युटर एकदमच ऐकतात आणि प्रत्येकाकडं तीच वही असते. मंग एका मुनीमानं खाडाखोड केली तरी काय फरक पडतो? मुनीमच नाही, बँक नाही, साहेब नाही. आणि ही नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत, तसं ठरवूनच ठेवलंय.

चंदनबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे चोवीस तर चोवीसच. पंचविसावा न्हाई."

अक्षतनं त्यांच्याच आवाजात शाबासकी दिली, डोक्यावरून हात फिरवून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्याला शिष्य म्हणून कुणी शाबास म्हणावं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. त्या रोज दुपारची वाट बघायला लागल्या.

चौथ्या दिवशी मालकीचा विषय निघाला. नाण्यावर नाव नसतं, अक्षत म्हणाला. चोवीस शब्द असतात, इंग्रजी, एका ठराविक ओळीत. शब्द ज्याचे, नाणं त्याचं.

"आन् विसरले तर?"

"तर गेलं."

"कुठं जाऊन अंगठा दिला तर?"

"अंगठा द्यायला जागाच न्हाई, दादी. कुणी तक्रार घेत न्हाई. म्हणून तर पापांचा हात पोहोचत न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्यानं हळूच सोडलं, आणि ते बरोबर जागी पडलं. चंदनबाईंच्या माहेरच्या चार सोन्याच्या बांगड्या त्यांच्या कपाटात होत्या. त्या अक्षतच्या धाकट्या बहिणीसाठी, पलकसाठी, राखून ठेवलेल्या. नथमलचा डोळा दोन वर्षांपासून त्यांच्यावर होता. प्रत्येक हंगामात तो म्हणायचा, माँ, चार महिन्यांसाठी गहाण ठेवू, मंग सोडवू. चंदनबाई दर वेळी नाही म्हणायच्या, पण पुढच्या हंगामापर्यंत आपण असू की नाही, ही भीती होतीच.

अक्षतनं सुचवलं ते असं. बांगड्यांचं बिटकॉइन करून टाकू. शब्द कागदावर लिहायचे नाहीत, कागद सापडतो. ते दादीच्या डोक्यात ठेवू. पलक मोठी झाली की दादीनं तिला सांगायचे.

"एवढे इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात कसे राहतील?"

"चोवीस नावं आहेत ना. प्रत्येक नावामागं एक बसवू."

चंदनबाईंनी ताबडतोब मान हलवली. नावांना दुसरं काही चिकटवायचं न्हाई, बेटा, म्हणाल्या. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दुपारी चंदनबाईंनीच त्याला हाक मारली आणि बांगड्या काढून दिल्या.

अकरा दिवस लागले. अर्थ विचारायचा नाही, फक्त नाद धरायचा, असं अक्षतनं सांगितलं. पाठशाळेतही आधी ओळ आणि मग अर्थ असंच होतं, म्हणून त्यांना ते खटकलं नाही. ऋषभदेव, लॅडर. अजितनाथ, गार्लिक. संभवनाथ, ऑर्फन. चुकलं की अक्षत मागच्या नावापासून पुन्हा घ्यायचा, न चिडता, अगदी त्यांच्यासारखा. अकराव्या दिवशी त्यांनी चोवीसही शब्द तीन वेळा न अडखळता म्हणून दाखवले. अक्षत पाया पडला आणि म्हणाला, झालं, आता तिजोरी तुम्ही.

चंदनबाईंना इतका आनंद झाला होता की त्या प्रश्न न विचारताच उठल्या.

पुढच्या महिन्यात अक्षत दुबईला गेला. मित्राची कंपनी आहे म्हणाला. चंदनबाई रोज सकाळ-संध्याकाळ सामायिकात, म्हणजे पाऊण तासाच्या ध्यानात, बसून नावं घ्यायच्या, मागं शब्द लावायच्या, म्हणजे एकही निसटू नये. तोंडावर मुहपत्तीची कापडी पट्टी असायची, त्यामुळं ओठ कुणाला दिसत नसत. आठ महिने, दिवसाला दोनदा. त्यांना मनातून थोडी लाज वाटायची आणि थोडा अभिमान. घरात एवढी मोठी गोष्ट फक्त आपल्याला माहीत आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

जूनमध्ये पेरणीच्या तोंडाला नथमलनं आईच्या उशीखालची किल्ली घेतली आणि कपाट उघडलं.

तो ओरडला नाही. तो आईच्या समोर पाट घेऊन बसला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात विचारत राहिला. चंदनबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानं त्यांना स्थानकात जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, पलकची शाळा बंद करतो, बांगड्या गेल्या म्हणजे पोरीच्या वाट्याचंच गेलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

पलक चौदा वर्षांची. तिनं मोबाइलवर बिटकॉइनचं ॲप घेतलं आणि आजीजवळ बसली. चंदनबाईंनी सुरुवात केली, पण नुसते शब्द त्यांना येईनात. नाव घेतल्याशिवाय शब्द सुटत नव्हता. शेवटी त्यांनी नथमलसमोर, मोठ्यानं, नाव आणि शब्द, नाव आणि शब्द असे चोवीस सांगितले. एकही चुकला नाही. पलकनं बटण दाबलं.

आत काही नव्हतं. पलकनं खाली सरकवून जुनी नोंद काढली. बांगड्यांचं नाणं आलं होतं ते दादीनं पाठ करायला सुरुवात केली त्या आठवड्यात. गेलं होतं ते अकराव्या दिवशीच, संध्याकाळी.

चंदनबाई पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना फसवणूक कळायला वेळ लागला नाही. त्या चांगल्या शिष्या होत्या, धडा त्यांना पूर्ण समजलेला होता. शब्द ज्याचे, नाणं त्याचं. त्यांना शब्द ज्यानं शिकवले त्याला ते आधीपासून ठाऊक असणारच. पाठशाळेतलं सहा वर्षांचं पोरही हे विचारून गेलं असतं. सगळा धडा ऐकून न विचारता उठलेलं एकच पोर त्यांना चाळीस वर्षांत भेटलं होतं, आणि ते त्या स्वतः होत्या.

नथमलनं तिथूनच दुबईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. अक्षतनं आढेवेढे घेतले नाहीत. धंद्यात लागले, म्हणाला, परत करीन. मग चंदनबाईंनी फोन जवळ घेतला.

"तुला बांगड्याच हव्या होत्या, तर मंग मला पाठ करायला का लावलं?"



"तुम्ही रोज कपाट उघडून बांगड्या बघायच्या, दादी. तुम्हाला दुसरं काहीतरी बघायला देणं जरूरी होतं. आन् तुम्हाला पाठ करायला आवडतं. आवडलं ना?"

हे त्यानं प्रेमानं विचारलं. खोटं काही त्यात नव्हतं.

नथमल हसला. त्या दिवसापासून त्याचा राग गेला आणि त्याला गंमत वाटायला लागली. जालन्याहून पाहुणे आले की चहा झाल्यावर तो म्हणायचा, माँ, आपलं बिटकॉइन म्हणून दाखवा. त्या गप्प राहिल्या तर तो स्वतः पहिलं नाव घ्यायचा आणि थांबायचा. पाहुणे वाट बघायचे. चंदनबाईंच्या घशातून तो शब्द आपोआप वर यायचा, आणि सगळे पोट धरून हसायचे.

एकदा त्यांनी पलकला एकटीला गाठून अर्थ विचारले. पलकला सांगायचं नव्हतं. अजितनाथांमागचा शब्द म्हणजे लसूण, हे ती खाली बघत म्हणाली. त्या घरात तीन पिढ्यांत लसूण आलेला नव्हता. कुंथुनाथांमागचा शब्द तर तिलाही ठाऊक नव्हता, मोबाइलवर शोधावा लागला. बेकन. शोधून झाल्यावर तिनं मोबाइल उलटा ठेवला. चंदनबाईंनी पुन्हा विचारलं, आणि पोरीनं सांगून टाकलं, डुकराचं मांस. मुद्दाम न्हाई, दादी, ती म्हणाली, हे शब्द मशीन काढतं. अक्षतदादाला दुसरे काढता आले असते, पण त्यानं काढले न्हाईत, एवढंच.

मग चंदनबाई विसरायला बसल्या. नऊ दिवस आयंबिल केलं, बिनमिठाचं, बिनतुपाचं एक वेळ. मौन धरलं. नावं उलट्या क्रमानं घेऊन पाहिली, तर शब्दही उलटे होऊन मागोमाग आले. भराभर घेतली तर तेही भराभर आले. रोप कसं लावायचं हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. मूळ उपटायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. स्थानकात उतरलेल्या महाराजसाहेबांना सांगावं असं त्यांच्या मनात यायचं, पण सांगायचं म्हणजे पुन्हा एकदा म्हणून दाखवायचं. रोज सकाळी त्या ऋषभदेवांपर्यंत जायच्या आणि तिथंच तोंड मिटून घ्यायच्या.

पर्युषणाच्या आधी पाठशाळेतून बोलावणं आलं. पोरांना चोवीस नावं म्हणायची आहेत, कुणाकडूनच नीट बसत नाहीत, तुम्हीच या. त्यांनी दोनदा निरोप परत पाठवला. तिसऱ्यांदा पोरंच दारात येऊन उभी राहिली, सात-आठ जणं, धुतलेल्या कपड्यांत. चंदनबाईंना पोरांना नाही म्हणता येत नसे. त्या गेल्या. समोर पोरं मांडी घालून बसली होती, हात जोडून, त्यांच्या ओठांकडं बघत. त्यांनी ठरवलं की फक्त नाव घ्यायचं आणि लगेच ओठ आवळायचे. पहिली तीन नावं तशी गेली. चौथ्याला आवाज त्यांच्या हातात राहिला नाही, आणि मागच्या तीन नावांचे शब्दही बाहेर पडले.

पोरांनी ते तसंच उचललं. दादी जे म्हणेल ते म्हणायचं, अर्थ नंतर, हेच तर त्यांना शिकवलं होतं. कार्यकर्त्या बाया धावत येईपर्यंत ती नऊ नावांपर्यंत पोचली होती, लॅडर, गार्लिक, ऑर्फन, एकसुरात. चंदनबाईंना रिक्षात बसवून घरी पाठवलं. पुन्हा येऊ नका, असं कुणी म्हणालं नाही. पाठशाळेच्या खोलीची किल्ली तेवढी त्यांच्या कमरेची काढून घेतली.

पण पोरांना चाल लागली होती. बाकीचे शब्द त्यांनी पलकच्या मागं लागून मिळवले. गल्लीत खडूनं घरं आखून लंगडी खेळताना ती एका पायावर म्हणायची, एका घराला एक नाव आणि त्यामागचा शब्द. जगात कुणालाच कळू द्यायचे नाहीत म्हणून ज्या शब्दांना चंदनबाईंनी आठ महिने मुहपत्तीआड जपलं, ते आता भर दुपारी सगळ्या गल्लीला ऐकू येत होते, आणि चोरून नेण्यासारखं त्यांत काही उरलेलं नव्हतं.

चंदनबाई ओट्यावर बसून ऐकायच्या. आत गेल्या तरी ऐकू यायचंच.

एकदा एक सहा वर्षांची पोरगी सोळाव्या घरावर थांबली. शांतिनाथ झाले, त्यांचा शब्दही झाला, पुढचं काही केल्या येईना. एक पाय वर धरून, डोलत, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मग ओट्याकडं पाहिलं.

ती नजर चंदनबाईंनी पूर्वी एकदाच पाहिली होती. तेव्हा त्यांना नाव येत होतं आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"कुंथुनाथ," त्या म्हणाल्या.

पोरगी हलली नाही. ती तशीच बघत राहिली. तिला अजून एक हवा होता.

"बेकन," चंदनबाईंनी सांगितलं, आणि पोरगी पुढच्या घरात गेली.