शिरूरचा पत्ता

रेणुकादास नांदेडला कॉलेजात शिकवायला लागून सहा वर्षं झाली, तरी कागदावर तो अजून शिरूर अनंतपाळचाच होता. मतदान तिकडे, शेताचा सातबारा तिकडे, आधार कार्ड तिकडे. नांदेडात निम्म्या गल्लीची हीच तऱ्हा. गावचा पत्ता बदलला की गाव सुटलं, असं प्रत्येकाला आतून वाटत असतं. म्हणून गाडीच्या विम्यावरही शिरूरच लिहिलेलं.

आणि वादळात लिंबाची फांदी गाडीवर पडली ती नेमकी नांदेडच्या घरासमोर. टप चेपला, काच फुटली. अर्धांगवायू झालेल्या वडिलांना व्यायामाच्या उपचाराला न्यायचं ते याच गाडीतून. रिक्षात त्यांना बसवताच येत नव्हतं. कुठं नुकती त्यांच्या हाताची बोटं हलू लागली होती. गाडी उभी राहिली आणि उपचारही थांबला.

गॅरेजवाल्यानं आणखी घाबरवलं. "सर, पत्ता जुना हाय हे कळलं की क्लेम गेला म्हणून समजा."

कंपनीचा चौकशीवाला शिरूरला जाणार हे कळताच रेणुकादासनं शेजारच्या सिंधुकाकूंना फोन लावला. आई गेल्यापासून त्याचं गावातलं घर त्याच बघत. "काकू, माणूस येईल. मी तिथंच राहतो म्हणून सांगा. नांदेडला कामापुरता जातो म्हणा."

"बघते," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "मी खरं सांगून टाकलं रे. तू नांदेडला ऱ्हातोस म्हणले."

त्यानं तिथंच फोन कापला. सख्ख्यासारखी माणसं, आणि एवढं एक काम होऊ नये? रागानं तो जेवलाही नाही. सौदामिनीनं, त्याच्या बायकोनं, समजावून पाहिलं, तर तिच्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाला नांदेडच्या दारात हजर. सुगत नाव, शांत माणूस. फांदी पडलेली जागा त्यानं पाहिली, शेजाऱ्यांशी बोलला, मग चहा घेत म्हणाला, "सर, गाडी इथंच असते हे पंचनाम्यातच आहे. गावात कुणी उलटं सांगितलं असतं, तर फसवणूक म्हणून मला फाईल बंद करावी लागली असती. पत्ता कळवायचा राहिला, ही चूक आहे. हप्त्यात फरक पडत असेल तर कंपनी तो भरून घेईल. बाकी माझा अहवाल स्वच्छ आहे."

रेणुकादासला मान वर करवेना.

"त्या काकू मला सोडीचनात," सुगत हसला. "त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखलं तेव्हा तुम्ही ह्याच गाडीतून त्यांना लातूरला पोचवलं, हे लिहा म्हणाल्या. असलं अहवालात लिहिता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग ध्यानात तरी ठेवा."

क्लेम मंजूर झाला. गाडी दुरुस्त होऊन आली, वडिलांचा उपचार पुन्हा सुरू झाला. पहिल्याच रविवारी रेणुकादासनं वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं आणि शिरूर गाठलं. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. तो वाकून पाया पडला. एरवी सवयीनं पडायचा, आज मनापासून पडला.

"काकू, तुमच्या खरेपणानं वाचलो. मी उगंच रागावलो तुमच्यावर."

"कशाचा खरेपणा रे?" काकूंनी सूप बाजूला सारलं. "तू सांगितलंस तसंच बोलणार होते मी. तुझ्यासाठी खोटं बोलायला मला लई जड न्हाई. पण 'हाव, इथंच ऱ्हातो आमचा रेणुकादास' म्हणायला तोंड उघडलं, अन् मला रडूच आलं. त्या माणसानं पाणी दिलं. मग काय सांगणार, खरंच सांगितलं."

वडिलांनी गाडीतून घराकडे हात उचलायचा प्रयत्न केला. घराची किल्ली काकूंच्या कमरेला होती. रेणुकादासनं ती मागून घेतली आणि सौदामिनीला फोन करून सांगितलं, आज आम्ही इथंच मुक्काम करतो.