पाटावरची काळी

दिलीपकडे रायफल आहे हे आयर्लंडमधल्या ट्रली गावाबाहेरच्या त्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या केरी परगण्यात शेतावरच्या घरांतून बंदूक असतेच. पण दिलीपची रायफल काळी होती, आणि खरी गोची तिथे होती.

आधीची चांगली लाकडी दस्त्याची होती. रविवारी नेमबाजीच्या क्लबात जावं, कागदावर भोकं पाडावीत, चहा पिऊन घरी यावं, असा सगळा सभ्य कारभार. पण कॉलेजात स्कूटरवरून पडून मोडलेलं मनगट त्या दस्त्यावर ठणकायला लागलं, म्हणून गेल्या वर्षी त्याने ही घेतली. उभी मूठ, काळा सांगाडा, बातम्यांत सैनिकांच्या हातात दिसते थेट तशी. आत मात्र तीच बारीक गोळी, दर वेळी हाताने खटका, म्हणजे बोल्ट, मागे ओढून भरायची. वाघाचं कातडं पांघरलेलं गाढवच म्हणा.

क्लबातले लोक तिच्याकडे दुसऱ्याच्या बायकोकडे बघावं तसे चोरून बघत आणि मग नावं ठेवत. म्हातारा डोनल तर तोंडावर म्हणायचा, “ही तुझी काळी एक दिवस आम्हा सगळ्यांच्या मुळावर येणार. लोक आत काय आहे ते बघत नाहीत, रूप बघतात.” एवढं बोलून तोच पाच गोळ्या मारायला मागून घ्यायचा आणि लवकर परत द्यायचा नाही.

दिलीपला डोनलचं पटायचं. मनगटाचं कारण खरं होतं, पण अर्धंच. घरी कुणी नसताना ती हातात धरून तो आरशासमोर उभा राहिला होता आणि त्याला स्वतःचं रूप फार आवडलं होतं. त्याची त्याला लाज वाटायची. बायकोला, पूर्वाला, हे कधी कळलं नाही, पण तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “लाकडाची होती तेव्हा खेळ वाटायचा. हिची मला भीती वाटते, दिलीप.”

खंडेनवमी रविवारी आली. एरवी या घरात नवमीला पाटावर लॅपटॉप, विळी आणि गाडीची किल्ली मांडत. यंदा साताऱ्याहून दिलीपची आई आली होती. शोभनाबाईंच्या माहेरी तीन पिढ्या फौजेत, त्यांना हा पाट बघवेना.

“घरात हत्यार असताना विळीला फुलं वाहतोस व्हय रं? काढ ती बंदूक.”

पूर्वा हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. असती तर पुढचं काही घडलं नसतं. दिलीपने खटका कपाटातच कुलपात ठेवला, म्हणजे रायफल नुसती नळी उरली, आणि ती पाटावर मांडली. आईने कुंकवात बोटं बुडवून तिला पाच पट्टे ओढले, वर सुपरमार्केटातली केशरी शेवंती वाहिली. चौदा वर्षांच्या सानिकाला हे भलतंच आवडलं. तिने फोटो काढून आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. काळी रायफल, तिच्यावर लाल ओघळ, आणि खाली इंग्रजीत ‘उद्या मोठा दिवस!’

उद्या दसरा होता, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण उद्या सोमवारही होता, शाळेचा. कुठल्याशा मैत्रिणीच्या आईने तो फोटो बघितला आणि पोलिसांना फोन लावला. दिलीपला हे सगळं मागाहून कळलं. त्या वेळी तो अंगणात पाचोळा गोळा करत होता.

दोन गाड्या आवाज न करता येऊन थांबल्या. चार गार्डा, म्हणजे इथले पोलीस, उतरले. दोघांच्या हातांत रायफली होत्या, उभ्या मुठीच्या, काळ्या. एक नळी त्याच्या छातीकडे वळली. खराटा गळून पडला.

“हात वर! रायफल कुठे आहे?”

“घरात. पाटावर... म्हणजे जमिनीवर, फुलं वाहिलीत तिला...” आपण काय बरळतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

“आत कोण आहे?”

“माझी मुलगी. आणि आई. तिला इंग्रजी येत नाही.”

तेवढ्यात आतून सानिका ओरडली, “डॅड! आजी’ज गॉट द गन!”

दोन्ही नळ्या एकदम दाराकडे फिरल्या. दार उघडलं. शोभनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. नऊवारी, खांद्यावर शाल, आणि दोन्ही हातांवर बाळाला घ्यावं तशी आडवी घेतलेली ती रायफल. चेहऱ्यावर हसू.

“पुट इट डाउन! डाउन!”

“आई, खाली ठेव!” दिलीप किंचाळला.

“इंग्लिशमध्ये बोल!” मागचा गार्डा गरजला. “तिला काय सांगितलंस?”

शोभनाबाईंचं हसू मावळलं. त्या गोंधळल्या, पण हलल्या नाहीत.

“आरं, पुजलेलं हत्यार भुईवर कसं ठिवू? पाप लागंल.” आणि त्यांनी ती छातीशी अधिकच घट्ट धरली. नळीचं तोंड जरासं उचललं गेलं. दिलीपजवळच्या गार्डाने श्वास रोखलेला त्याला ऐकू आला. वीस-बावीस वर्षांचं पोर होतं ते, आणि त्याचं बोट चापावर सरकत होतं. आता आई मरणार, या दारात, माझ्या हौसेपायी, एवढंच दिलीपच्या डोक्यात उरलं. पाया पडून ऐकणारी बाई नव्हती ती. गेल्या सत्तर वर्षांत तिने पुजलेली वस्तू जमिनीवर टेकवली नव्हती.

“आई,” तो जमेल तितक्या शांतपणे म्हणाला, “खांद्यावरची शाल अंथर. शालीवर ठेव.”

हे मात्र त्यांना पटलं. रायफल एका हातावर पेलत त्यांनी दुसऱ्या हाताने शाल ओढली, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसून ती अंथरली, पायाने नव्हे, हाताने सुरकुती काढली. रायफल ठेवून त्यांनी तिला नमस्कार केला. मग गार्डा धावले.

खटका नसलेली ती नळी बघून मोठ्या गार्डाने कपाळावरचा घाम पुसला. “देवाची कृपा,” तो म्हणाला. कोवळा गार्डा भिंतीला टेकून उभा होता. सानिका रडत रडत सगळं सांगत होती. रायफल ते घेऊन गेले. चौकशी संपली की येऊन ने, म्हणाले. ती परत आणणार नाही, हे दिलीपचं तेव्हाच ठरलं होतं.

स्वयंपाकघरात त्याने आईला पाणी दिलं.

“कशाला उचललीस गं ती? कशाला बाहेर आलीस?”

“खिडकीतनं बघितलं की,” शोभनाबाई म्हणाल्या. “त्यांच्या हातात अगदी तुझ्यासारखीच. म्हटलं तुझ्या क्लबातली पोरं आली, आपापली पुजायला घिऊन. तुझी दावायला आणली रं मी.”