मिनोटॉरच्या दाराची कडी

आमच्या बंधुराजांना पोरीच्या शाळेतसुद्धा पहिला नंबर हवा होता. सहावीच्या वर्गाला ग्रीक पुराणातला एकेक राक्षस वाटून दिला होता. माहिती शोधायची, देखावा करायचा आणि पाहुण्यांसमोर त्याची गोष्ट सांगायची. शोधणार धाकटी, सांगणार धाकटी, पण देखावा करायला बसला तिचा बाप. फर्निचरचा कारखाना आहे ना त्याचा! पोरीने पुठ्ठा हातात घेतला तर म्हणाला, "ठेव तो. माझं नाव जायचं." नाव म्हणे. लहानपणापासून या माणसाला नावाचाच सोस.

धाकटीच्या वाट्याला मिनोटॉर आला होता. डोकं बैलाचं, अंग माणसाचं. राणीच्या पोटी असलं पोर आलं याची राजाला लाज वाटली, म्हणून त्याने भुलभुलैया बांधून घेतला आणि पोराला आत कोंडलं. पोरगी पुस्तकं चाळायची आणि वर माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन भलतंच विचारायची.

"आत्या, त्याला जेवायला कोण द्यायचं?"

"माणसं खायचा म्हणतात."

"रोज?"

मी आपली मशीन चालवायला लागले. मग म्हणाली, "त्याला बहीण होती. पण ती कधी त्याला भेटायला गेली, असं कुठेच लिहिलेलं नाही."

विचारायला तिला कारण होतं. तिचा थोरला भाऊ मागच्या खोलीत असतो. चांगला बाप्या झालाय आता. बोलता येत नाही, तोंडातून लाळ गळते आणि आनंद झाला की मोठ्याने ओरडतो. एवढाच त्याचा गुन्हा. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं येतात, म्हणून आधी तेवढ्यापुरती बाहेरून कडी लागायची. मग ती दिवसभर लागायला लागली. वहिनी ताट आत ठेवते, डोळे पुसते आणि पुन्हा कडी घालते. मी तोंड उघडलं की बंधुराज म्हणणार, "ताई, तुझं घर वर. खाली माझं चालतं." चालतंय डोंबल.

भुलभुलैया मात्र देखणा झाला, खोटं कशाला बोलू. सागवानी भिंती, त्यांना पॉलिश, मधोमध बैलाची खोली. खोलीला दार आणि दाराला दागिन्यांच्या पेटीला लावतात तसली इवलीशी पितळी कडी. आतल्या बैलाच्या बाहुल्याचा सदरा मी शिवला. कापड धाकटीने आणून दिलं, थोरल्याच्या जुन्या चौकड्यांच्या शर्टाचं.

"दादाला बघायला नेऊ या," ती जेवताना म्हणाली.

"आणि तिथे ओरडला तर?" बाप म्हणाला. संपला विषय.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या सभागृहात राक्षस कमी आणि बापच जास्त होते. एकाने पाण्याच्या नळ्यांचा नऊ तोंडांचा साप केला होता आणि पोराला त्याला हातही लावू देत नव्हता. शाळेचे बाक नवे करायचे होते, म्हणून आमचे बंधुराज मुख्याध्यापकांच्या मागेपुढे. धाकटीने गोष्ट छान सांगितली. परीक्षक बाई वाकून बघत होत्या.

"भुलभुलैयात वाटच सापडत नाही," त्या म्हणाल्या. "मग दाराला कडी कशाला?"

"मीही बाबांना तेच विचारलं," धाकटी म्हणाली. "बाबा म्हणाले, कडीशिवाय भरवसा नसतो. आमच्या दादाच्या खोलीलाही बाहेरूनच आहे."

"दादा?" मुख्याध्यापकांनी विचारलं. शाळेच्या दप्तरी आमची धाकटी एकुलती एक होती.

बंधुराजांचा चेहरा असा उतरला, की मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभर कशाला, चांगलं घरी येईपर्यंत बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

नंबर गेला नळ्यांच्या सापाला. घरी आल्यावर बंधुराजांनी देखावा टेबलावर ठेवला आणि कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणसाला लाज वाटली. तर हा खुर्ची ओढून बसला आणि त्या खेळण्यातल्या दाराची कडी काढायला लागला. "आता विचारू दे कोणाला काय विचारायचंय ते," म्हणाला.

मी त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

"ताई, तुझं घर वर—"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या खोलीपाशी गेले, तर तिथल्या कडीचे स्क्रू गंजलेले होते आणि माझ्या हातातलं हत्यार त्यांना पुरेना. मागे वळून बघते तर मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वहिनी उभी. कडी निघाली, तेव्हा दाराच्या चौकटीवर तिच्या जागी पांढरा पट्टा राहिला.

धाकटीने थोरल्याला हाताला धरून टेबलापाशी आणलं. त्याने बैलाकडे पाहिलं, सदऱ्याचं कापड बोटांनी चाचपलं आणि ओरडला. असा ओरडला, की समोरच्या घराची खिडकी उघडली. बंधुराज आमची खिडकी लावायला धावले, पण खिडकीशी वहिनी उभी होती आणि ती बाजूला झाली नाही.