सोडलेला गोल

मी फुटबॉल बोलतोय. लाथा खाऊन जगणाऱ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका. कारखान्यात शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका ओढला, दातांनी दोरा तोडला आणि मला ढिगात फेकलं. तिथून थेट सिनेमात. खरी मॅच बघायच्या आधी मी कॅमेरा बघितला, तिथेच माझं वाटोळं झालं.

सिनेमा नेहमीचाच. लाँड्रीत कपडे धुणाऱ्या पोरांचा संघ बड्या क्लबाला हरवतो. अगदी शेवटी हिरो गोल मारतो आणि लोक रडतात. हिरो देखणा होता, पण त्याची लाथ म्हणजे उशीवर मारलेली थाप.

बड्या क्लबाचा गोलकीपर मात्र खरा होता. त्याला सगळे डिंक म्हणायचे. बॉल हाताला लागला की सुटायचाच नाही, म्हणून. आता वय झालेलं, शाळेतल्या मुलींना खेळ शिकवायचा. त्यांच्या गोलाला जाळी नव्हती. दिग्दर्शक म्हणाला, "एवढं काम करा, शूटिंग संपलं की ही जाळी तुमच्या मुलींना." मुलीही प्रेक्षक म्हणून येऊन बसल्या. सरांचं काम काय, ते सरांनी सांगितलंच नव्हतं. लाज वाटली असणार.

हिरोने लाथ मारली. डिंकने झेप घेतली आणि मला छातीशी आवळलं.

"अहो, सोडायचाय तो!" दिग्दर्शक ओरडला.

"माफ करा साहेब. हात आपोआप जातात."

पुन्हा लाथ, पुन्हा तेच. हिरो वैतागला. "मास्तर, माझ्याशी काही वैर आहे का?"

"तुम्ही जरा जेवून मारा ना."

सगळं मैदान खिदळलं. पण ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शक जवळ आला आणि हळूच म्हणाला, "जाळी हवीय ना?"

पुढच्या खेपेला डिंकने डोळे मिटले. मी त्याच्या काखेखालून आत गेलो. हवा भरलेलं कातडं मी, मला कुठलं वळता येतंय! पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात, "कट! ती मुलगी टाळ्या का वाजवत नाही?"

ती डिंकच्याच मुलींच्या संघाची गोलकीपर. हाताची घडी घालून बसलेली. डिंक तिच्यापाशी गेला.

"वाजव गं."

"सर, तुम्ही डोळे मिटलेत."

"अगं, सिनेमा आहे हा."

"आम्ही मिटले की मैदानाला फेऱ्या मारायला लावता."

तो तिच्यासमोर वाकला. मग म्हणाला, "वाजव, बाळा. मला सारखा सारखा सोडायला लावू नकोस."

त्याने पुन्हा सोडला. तिने टाळ्या वाजवल्या, त्याच्याकडे न बघता.

सिनेमा धो धो चालला म्हणतात. रुमाल भिजवून घरी जाणाऱ्यांनो, त्या हरलेल्या गोलकीपरकडे एकाने तरी बघितलं का?

जाळीबरोबर मीही मुलींच्या मैदानावर आलो. शिवण उसवलीय, रोज हवा भरावी लागते. जाळी झकास आहे. पण डिंक तिच्यासमोर उभा राहत नाही.

"सर, एक अडवून दाखवा ना!" मुली म्हणतात.

"गुडघा धरलाय गं."

साफ खोटं. मी गटारापर्यंत घरंगळलो की कसा पळत येतो, ते मला विचारा. उचलतो, पुसतो आणि लगेच दुसरीकडे बघतो. मलाही त्याच्याकडे बघवत नाही.

हाताची घडी घालून बसणाऱ्या पोरी, तू आता त्याला विचारत बसू नकोस. तो गोलासमोरून जाताना दिसला की मला हाण, जीव खाऊन. अडवला तर अडवला. आणि सुटलाच, तर निदान खराखुरा सुटलेला असेल.