आपला आधार बंद होत आहे

शनिवारी दुपारी विक्रांत दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून भाषणाची तालीम करत होता. श्रोता एकच, त्याची बायको वल्लरी, आणि तीही मटार सोलत बसलेली.

"और अब पेश है... वेगवान तीन!" विक्रांतने हात उंच फेकला. वल्लरीने टाळ्या वाजवायच्या ऐवजी चार दाणे तोंडात टाकले.

गुडगावच्या ज्या कंपनीत तो नोकरीला होता, ती धावणाऱ्यांसाठी घड्याळं बनवायची. पावलं मोजणारी, नाडी सांगणारी, फोनशी जोडलेली. तुमच्याही घरात एखादं असेलच! पुढच्या महिन्यात कंपनीचं हे नवं घड्याळ, 'वेगवान तीन', बाजारात येणार होतं, आणि घड्याळाच्या पोटातल्या सॉफ्टवेअरचा सगळा कारभार विक्रांतकडे होता. पुण्याहून तो फरीदाबादेत कालव्यापलीकडे, नहरपारच्या या टॉवरमध्ये राहायला आला, तेव्हा खिडकीतून गव्हाची शेतं दिसायची. आता तिथे मॉल उभा होता. सगळंच कसं भराभर वाढत होतं, आणि आपणही त्यातलेच, या विचाराने विक्रांतला अलीकडे जमिनीवर पाय ठेवणं जड जात होतं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. वाजली कसली, कोणीतरी तिच्यावर बोट दाबून धरलं होतं.

दारात वरच्या मजल्यावरचे पद्माकरकाका सबनीस. पायांत धावण्याचे बूट, घामाने चिंब टी-शर्ट, हातात आधार कार्ड. त्यांच्या मागे अलकनंदाकाकू, तोंडाला पदर लावून हसू दाबणाऱ्या.

"विक्रांत! अरे, मला वाटलं, सरकारने माझा आधार बंद करायचा घाट घातलाय!"

"काय सांगता काका!"

"सांगतो काय, वाच! सकाळी धावून आलो आणि हे मनगटावर उमटलं." काकांनी घड्याळ त्याच्या नाकापुढे धरलं. छोट्याशा पडद्यावर शुद्ध मराठीत लिहिलं होतं: 'आपला आधार ३१ मार्चपासून बंद होत आहे. क्षमस्व.'

काकांचं धाबंच दणाणलं होतं. पेन्शन, बँक, गॅस, सगळं त्या कार्डाला जोडलेलं! बिचारे आंघोळही न करता तडक सेक्टरातल्या आधार केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहिले. नंबर लागल्यावर तिथल्या मुलीला त्यांनी मनगट दाखवलं आणि मजकुराचं हिंदी करून सांगितलं. तिने आधी कार्ड तपासलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, आपका आधार तो बिल्कुल ठीक है. बंद तो आपकी घड़ी हो रही है!"

सगळी रांग खदखदून हसली. आता वल्लरीही हसली, काकूंनी तर पदर सोडूनच दिला.

"हा आचरट मजकूर लिहिणारा महाभाग मला एकदा भेटू दे," काका म्हणाले.

"भेटलाय," विक्रांत ओशाळून म्हणाला. "मीच तो."

झालं होतं असं. घड्याळात मराठी आणायची हा विक्रांतचाच हट्ट. दिल्लीत वाढणाऱ्या पोरांची मराठी रोज एकेक शब्दाने गळतेय, निदान मनगटावर तरी राहू दे, म्हणून त्याने जिथे 'सपोर्ट' होतं तिथे अभिमानाने 'आधार' घातलं. पहिल्या मॉडेलचा सपोर्ट थांबवायची सूचना लिहिताना पडदा इवलासा, शब्द मावेनात. म्हणून 'आपल्या घड्याळाचा' यातलं घड्याळ त्यानेच उडवलं. हिंदीत आणि इंग्रजीत सूचना बरोबर गेली. घोटाळा झाला तो फक्त मराठी वाचणाऱ्यांचा!

"अच्छा, म्हणजे आधार बंद होतोय तो या घड्याळाचा," काका बसत म्हणाले. "मग आता याचं काय होणार?"

"काही नाही काका. वेळ दाखवत राहील."

"वेळ तर भिंतीवरचंही दाखवतं. नाडीचं बोल. डॉक्टरांनी हद्द घालून दिलीय, तिच्यापुढे ठोके गेले की हे थरथरतं. ते थरथरेल की नाही?"

विक्रांतने क्षणभर वल्लरीकडे पाहिलं. "बॅटरी पूर्ण उतरली नाही तोवर थरथरेल. एकदा उतरली की घड्याळ फोनशी पुन्हा जोडावं लागतं. आणि तो जोडच आम्ही काढून टाकतोय. पण यार... म्हणजे काका, टेक्नॉलॉजी अशीच असते! सगळ्याच कंपन्या हे करतात. तुम्ही जुनं द्या, नव्यावर मी तुम्हाला घसघशीत सूट मिळवून देतो."

"मला नवं कशाला हवंय? हे बिघडलंय का?" काका उसळले. "उलट तुमच्या नव्यात जे जे आहे ना, ते नकाशे, ते गाणी वाजवणं, सगळं यात घालून दिलं पाहिजे तुम्ही. मी गिऱ्हाईक आहे!"

"तुम्ही जरा गप्प बसा!" अलकनंदाकाकू म्हणाल्या.

काकू गप्प करायला लागल्या की फरीदाबादेत भले भले गप्प बसत. इथल्याच एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात त्या इंजिनियर म्हणून लागल्या आणि सुट्या भागांच्या खात्याच्या प्रमुख होऊन निवृत्त झाल्या. पानिपतापासून फरीदाबादच्या आसपासच्या गावांपर्यंतचे ट्रॅक्टरवाले त्यांना 'मॅडमजी' म्हणून ओळखायचे.

"तुमचंही चुकतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जुन्या ट्रॅक्टरला नव्याचं पॉवर स्टिअरिंग फुकट लावून द्या म्हणणारा माणूस आला, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवायची. नवा साज हवा तर नवं घ्या! पण विक्रांत, त्याच ट्रॅक्टरची क्लच प्लेट मागायला कोणी आला आणि 'ते मॉडेल बंद झालं' असं आमच्या काउंटरवर कोणी म्हणालं, तर त्याची धडगत नसे. मॉडेल आम्ही बंद केलं होतं. त्याचं शेत बंद झालं होतं का?"

"पण काकू, तो सुटा भाग झाला. हे सॉफ्टवेअर आहे."

"मग सॉफ्टवेअर हाच तुझा सुटा भाग! ट्रॅक्टर नांगरेल म्हणून विकला, तर तो नांगरत राहील एवढं बघणं विकणाऱ्याचं काम. घड्याळ नाडी सांगेल म्हणून विकलंत ना? मग ते नाडी सांगत राहील एवढं बघा. आणि कधीतरी थांबायचंच असेल, तर ते विकताना सांगा. असं वापरात असताना मध्येच हात काढून घेऊ नका."

विक्रांत काहीतरी बोलणार होता. पण काकूंचा आवाज आता खाली आला होता.

"बायपासनंतर हे धावायचं म्हणाले, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले होते. आठवतं? तूच हे घड्याळ घेऊन आलास. म्हणालास, 'काकू, बिनधास्त सोडा, मी आहे ना!' मी ह्यांना रोज सोडते ते तुझ्या त्या शब्दावर. या मार्चनंतर काय करू? पुन्हा दारात उभी राहू?"

सपोर्ट थांबवायच्या कागदावर त्याने सही केली, तेव्हा त्याच्यापुढे फक्त आकडे होते. त्या आकड्यांत पद्माकरकाका असतील हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं! टॉवरच्या खालच्या वाटेवर धापा टाकत, हसत, एकेक फेरी वाढवणारे काका. विक्रांतला स्वतःची लाज वाटली. आधार या शब्दाचा खरा अर्थ आपल्याला आज कळतोय, आणि शब्द मात्र आपणच निवडला होता!

"काकू," तो ताडकन उठला. "सोमवारी मीटिंग आहे. मी बोलतो!"

आणि बोलला!

सोमवारी कंपनीच्या मालकांसमोर, म्हणजे खुराना साहेबांसमोर, नव्या घड्याळाचे रंग ठरवायच्या मीटिंगमध्ये, विक्रांतने पहिल्या मॉडेलचा विषय काढला. खुराना साहेबांनी हात झटकला. "विक्रांत, पुरानी घड़ी चलती रहेगी तो नई कौन लेगा?"

"सर, जिसकी पुरानी चलती रहेगी, वही!" विक्रांत म्हणाला. "मैंने अपने पूरे टॉवर को पहली घड़ी दिलवाई है. कल उनकी बंद हुई, तो नई बेचने किस मुँह से जाऊँ? नए फीचर मत दीजिए. बस जो देकर बेची थी, वो चलने दीजिए. फोन का जोड़ और सुरक्षा की मरम्मत, इतना ही. और नई घड़ी के डिब्बे पर साफ़ लिखिए कि कब तक सँभालेंगे."

"डिब्बे पर? लोग डर जाएँगे!"

"भरोसा करेंगे, सर. आप घर में जो फ्रिज लेते हैं, पूछते नहीं कि पुर्ज़े मिलेंगे या नहीं?"

मग विक्रांतच्या टीममधली मयुरा, जी मीटिंगमध्ये सहसा तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "सर, ये मैं सँभाल लूँगी. काम ज़्यादा नहीं है. हमने कभी हिसाब ही नहीं लगाया था, सीधे बंद कर दिया." दुसरा एक जण म्हणाला, माझ्या वडिलांकडेही पहिलंच घड्याळ आहे. मग तिसरा. निघालं असं, की त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरी कोणी ना कोणी ते जुनं घड्याळ बांधत होतं, आणि घरी हे सांगायची कोणाचीच छाती होत नव्हती!

खुराना साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "ठीक है. चलो, लिख दो डिब्बे पर."

नवं घड्याळ ठरल्या दिवशी बाजारात आलं. मंचावरून विक्रांतने रंग सांगितले, नकाशे सांगितले, टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "ये घड़ी हम सात साल सँभालेंगे. डिब्बे पर छापा है. और हमारी पहली घड़ी भी चलती रहेगी!" सभागृहात असा काही कडकडाट झाला की नकाशांना मिळालेल्या टाळ्या त्यापुढे काहीच नव्हत्या. पहिल्या रांगेत पद्माकरकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि काकू त्यांना बसायला ओढत नव्हत्या.

वाचकहो, नव्याची हौस आपल्या सगळ्यांनाच आहे, आणि ती असावी. या दोन-तीन दशकांत दुकानं भरली, कपाटं भरली, मनगटंही भरली. पण वस्तू विकत घेताना आपण रंग विचारतो, सूट विचारतो, आणि हिच्याकडे पुढे कोण बघणार हे मात्र विचारायला विसरतो. जन्मभर नवनवं फुकट मिळावं हा आपला हक्क नाही. पण जे सांगून विकलं ते कबूल केलेल्या मुदतीपर्यंत चालावं, आणि ती मुदत आधी सांगावी, हा आपला हक्क आहे, आणि विकणाऱ्याचं ते कर्तव्य आहे. हक्क मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही!

परवाच नहरपारच्या मॉलमध्ये एक कॉलेजकन्या दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या काउंटरवर घड्याळ हातात घेऊन उभी होती. विक्रेता रंग दाखवत होता. तिने विचारलं, "भैया, ये सब ठीक है. सँभालोगे कब तक?"

विक्रेत्याने डबा उलटा केला, सुलटा केला. मग त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने फोन लावला. मागे चार माणसांची रांग झाली, पण ती मुलगी काही जागची हलली नाही. आणि गंमत म्हणजे, रांगेतला एकही माणूस तिला 'चला, लवकर करा' असं म्हणाला नाही. सगळ्यांनाच आता उत्तर ऐकायचं होतं!